गणपतराव देशमुख: साधेपणाच्या आड गेलेले काम

पदव्युत्तर वर्गाच्या 'उपयोजित मराठी' या अभ्यासपत्रिकेत वृत्तपत्रीय लेखनाचा एक घटक असतो. त्यात मृत्युलेख हा प्रकार शिकवताना मी वर्गात कात्रणे वाटतो. सांगोल्याचे माजी आमदार गणपतराव देशमुख यांचे ३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे निधन झाले. त्यानंतरच्या आठवड्यात प्रसिद्ध झालेल्या लेखांची कात्रणे अलीकडे या वाटपात असतात. विद्यार्थ्यांना दिलेला अभ्यास सोपा आहे. लेखातील विशेषणे एका रंगाने अधोरेखित करायची आणि क्रियापदे दुसऱ्या रंगाने.

पहिल्या रंगाने पान भरून जाते. साधे, निष्कलंक, तत्त्वनिष्ठ, निःस्पृह, ऋषितुल्य. दुसऱ्या रंगाला मात्र फारसे काम उरत नाही. ते एसटीने प्रवास करीत, सामान्य माणसासारखे राहत, कोणालाही सहज भेटत, अशी चारदोन क्रियापदे प्रत्येक लेखात फिरून फिरून येतात. हा अभ्यास सुरू असताना त्याच भागातून आलेला एक विद्यार्थी म्हणाला, "सर, आबा काय करत नव्हते ते यातून कळतं. काय करत होते ते कळतच नाही."

त्याचे म्हणणे खरे होते. गाडीचा ताफा बाळगला नाही, पक्ष बदलला नाही, पैसा केला नाही. मराठी वृत्तपत्रांनी आपल्या एका थोर लोकप्रतिनिधीचे चरित्र नकारांच्या यादीतून लिहिले. ही यादी खोटी नाही, आणि आजच्या राजकारणाकडे पाहता तिचे अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे. परंतु विधानसभेवर ११ वेळा निवडून गेलेल्या माणसाविषयी लिहिताना विधानसभेचाच विसर पडावा, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला तरी अस्वस्थ करणारी आहे. हा लेख त्या अस्वस्थतेतून लिहिला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, गणपतरावांच्या साधेपणाची स्तुती करून आपण त्यांचे काम झाकून टाकले आणि त्यांना संतपदी बसवून त्यांच्यापासून शिकण्याची जबाबदारी टाळली.

आधी चरित्रातील ठळक गोष्टी. गणपतरावांचा जन्म १९२६ सालचा, शिक्षण कायद्याचे. शेतकरी कामगार पक्षाच्या उमेदवारीवर १९६२ साली ते सांगोल्यातून प्रथम विधानसभेवर गेले. १९६७ साली पुन्हा निवडून आले. १९७२ मध्ये पराभव झाला, १९७४च्या पोटनिवडणुकीत ते परतले. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० असे सलग विजय मिळाले. १९९५ मध्ये काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरवले. पुढे १९९९, २००४, २००९ आणि २०१४ अशा चार निवडणुका त्यांनी जिंकल्या. शेवटच्या विजयावेळी त्यांचे वय ८८ होते. २०१९ साली ते निवडणुकीच्या रिंगणातून स्वतःहून बाजूला झाले.

या आकड्यांच्या बाबतीतही श्रद्धांजलीपर लेखांनी फारशी तोशीस घेतलेली दिसत नाही. देशातील विक्रम, जागतिक विक्रम अशी विधाने सर्रास केली गेली. वस्तुतः तामिळनाडूत मु. करुणानिधी १३ वेळा विधानसभेवर निवडून आले होते, जरी वेगवेगळ्या मतदारसंघांतून. केरळमध्ये के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून १३ वेळा निवडून आले आणि ओमन चंडी यांनी पुदुपल्लीतून मे २०२१ मध्ये बाराव्यांदा विजय मिळवला होता. गणपतरावांचा ११ वेळा निवडून येण्याचा विक्रम महाराष्ट्राचा आहे आणि तेवढाच पुरेसा मोठा आहे. तसेच ते 'सलग ५५ वर्षे आमदार' नव्हते. १९७२ ते १९७४ आणि १९९५ ते १९९९ हा काळ वजा केला की सभागृहातील वर्षे सुमारे ५० भरतात. हा हिशेब मी खुसपट काढण्यासाठी मांडत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर मंत्र्यांकडे आकड्यांचा हिशेब मागितला, त्याच्याविषयी लिहिताना आपण आकडे तपासू नयेत, यातच आपल्या आदराचे स्वरूप कळते. आदर असला की तपासायचे नाही, असा आपल्याकडे संकेत आहे.

मराठी साहित्याने राजकारणी माणसासाठी दोन साचे तयार ठेवले आहेत. पहिला कारस्थानी पुरुषाचा. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' (१९७३) आणि 'सिंहासन' (१९७७) या कादंबऱ्यांनी तो ठळक केला. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या 'सामना' (१९७५) या चित्रपटातील साखरसम्राटाने तो घरोघर नेला. या कलाकृतींचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी सत्तेचे अंतरंग मराठी वाचकाला प्रथमच इतक्या जवळून दाखवले. मात्र त्यांचे स्थळ पाहावे. मंत्र्याचा बंगला, वर्तमानपत्राची कचेरी, कारखान्याचे आवार, हॉटेलची खोली. सभागृह असते ते बहुतेक पार्श्वभूमीला. सरकार पडणार की टिकणार, एवढ्यापुरते त्याचे महत्त्व. प्रश्नोत्तराचा तास, अर्थसंकल्पावरील कपात सूचना, विधेयकाच्या खंडाखंडावर होणारी चर्चा यांत नाट्य असू शकते, हे आपल्या कादंबरीला फारसे जाणवलेले नाही.

दुसरा साचा संताचा. हा वृत्तपत्रांनी आणि गौरवग्रंथांनी घडवला. कारस्थानी पुरुषाच्या साच्यात न बसणारा कोणी राजकारणी भेटला की आपण त्याला लगेच या दुसऱ्या साच्यात ओततो. मग त्याच्या जेवणाचे, कपड्यांचे आणि प्रवासाचे तपशील महत्त्वाचे ठरतात. संताला पक्ष नसतो, मतभेद नसतात, डावपेच तर मुळीच नसतात. ऑगस्ट २०२३ मध्ये सांगोल्यात गणपतरावांच्या पुतळ्याचे अनावरण झाले तेव्हा एकमेकांच्या विरोधात उभे असलेले शरद पवार आणि देवेंद्र फडणवीस एका व्यासपीठावर होते. राजकारणातील सौजन्य म्हणून याचे स्वागतच करावे. तरीही एक विचार मनात येतो. खासगी भांडवलाच्या आणि सरकारी उदासीनतेच्या विरोधात ज्या पक्षाने आयुष्य काढले, त्या पक्षाच्या नेत्याचे गुणगान सर्वांनाच इतक्या सहज कसे करता आले? त्याच्या साधेपणाशी कोणाचाच वाद नसतो, म्हणून. वाद असतो तो भूमिकेशी, आणि ती पुतळ्याच्या चौथऱ्यावर येत नाही.

या दोन साच्यांच्या मध्ये एक तिसरी आकृती आहे, जिच्यासाठी आपल्याकडे नाव नाही. तिला मी 'सभासद' म्हणेन. सभेत बसणारा, सभेचे नियम जाणणारा, आणि सभेकडून काम करून घेणारा माणूस. गणपतराव हे सर्वार्थाने सभासद होते.

त्यांच्या मंत्रिपदाकडे पाहिले तर हे लगेच ध्यानात येते. १९७८ साली शरद पवार यांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात ते मंत्री होते आणि १९९९ नंतर विलासराव देशमुख यांच्या आघाडी सरकारात काही काळ मंत्री होते. दोन्ही मिळून हा काळ जेमतेम चारपाच वर्षांचा. १९७७-७८ च्या सुमारास त्यांनी विरोधी पक्षनेतेपदही सांभाळले. हे सोडले तर बाकी सारा काळ ते विरोधी बाकांवरचे एक आमदार होते, आणि उत्तरोत्तर आकसत गेलेल्या पक्षाचे आमदार होते. अशा आमदाराच्या हाती निधी नसतो, बदल्या नसतात, सरकार पाडण्याइतके संख्याबळही नसते. त्याच्या हाती असतात ती फक्त सभागृहाची आयुधे.

'आयुधे' हा शब्द विधिमंडळाच्या व्यवहारात रूढ आहे, आणि तो अर्थपूर्ण आहे. तारांकित प्रश्न, अतारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, कपात सूचना, औचित्याचा मुद्दा. भाषेच्या शिक्षकांनी या शब्दांकडे थोडे थांबून पाहायला हवे. महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये झाले, राजभाषा अधिनियम १९६४ मध्ये आला. म्हणजे राज्यकारभाराची मराठी घडत होती तीच ही वर्षे, आणि १९६२ साली सभागृहात आलेल्या पिढीने ती बोलून बोलून रुळवली. कोशकारांनी शब्द बनवले, त्यांत जीव ओतला तो त्या शब्दांनी मंत्र्यांना उत्तरे द्यायला लावणाऱ्या सदस्यांनी. या घडणीचा इतिहास आपण लिहिलेला नाही. आपल्या भाषाभ्यासात बोली आहेत, संतांची भाषा आहे, दलित आत्मकथनांची भाषा आहे. विधिमंडळाची मराठी कुठेच नाही.

तारांकित प्रश्नाचेच उदाहरण घेऊ. त्याला क्रमांक असतो, तारीख असते आणि उत्तर देणारा मंत्री नेमून दिलेला असतो. मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. खरी कसोटी उपप्रश्नाची असते. मूळ प्रश्न कार्यालयात बसून लिहून घेता येतो. उपप्रश्न मात्र मंत्र्याच्या उत्तरातील फट नेमकी ओळखणाऱ्यालाच सुचतो, आणि ती फट दिसायला जुने शासननिर्णय, मागच्या अधिवेशनातील आश्वासने, खर्चाचे आकडे डोक्यात असावे लागतात. गणपतराव अधिवेशनाच्या काळात सकाळपासून सभागृहात बसून असत, दुसऱ्यांच्या विषयांवरील चर्चाही ऐकत, असे त्यांच्याबरोबर काम केलेल्या अनेक पक्षांच्या सदस्यांनी सांगितले आहे. एसटीच्या प्रवासापेक्षा ही बैठक मला अधिक अवघड वाटते. एसटीने एखाद्या दिवशी कोणीही जाऊ शकेल, छायाचित्रही निघेल. दुसऱ्याच्या विषयावरील चर्चा रिकाम्या बाकांमध्ये बसून ऐकण्याचे छायाचित्र निघत नाही.

आता या साऱ्याचा दुष्काळाशी असलेला संबंध. सांगोला हा माणगंगेच्या काठचा, पर्जन्यछायेतला तालुका. मराठी वाचकाला हा प्रदेश माहीत आहे तो प्रामुख्याने माडगूळकर बंधूंमुळे. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' १९४९ साली आली, 'बनगरवाडी' १९५५ साली. सांगोल्याला लागून असलेल्या आटपाडी भागाचे हे लेखक. 'बनगरवाडी'च्या अखेरीस दुष्काळ पडतो आणि धनगरांची ती वाडी ओस पडते. वर्गात हा भाग शिकवताना मी स्वतः अनेकदा गहिवरलो आहे. त्या लेखनातली करुणा अस्सल आहे. पण तिथे दुष्काळ येतो तो ऋतूसारखा. तो कोणामुळे आला हा प्रश्न उद्भवत नाही, आणि तो सोसण्यापलीकडे किंवा गाव सोडण्यापलीकडे वाट नसते. ललित साहित्याने याहून वेगळे काही करायला हवे होते असे मी म्हणत नाही. कादंबरीकाराचे ते काम नव्हे.

'बनगरवाडी' प्रसिद्ध झाल्यानंतर सातच वर्षांनी त्याच माणदेशी मातीतला, धनगर समाजातून आलेला एक वकील विधानसभेत गेला आणि त्याने दुष्काळ हा विषय वेगळ्या व्याकरणात मांडायला सुरुवात केली. आपण एरवी 'दुष्काळाचा प्रश्न' असे म्हणतो तेव्हा 'प्रश्न' म्हणजे संकट. सभागृहात 'प्रश्न' म्हणजे ज्याला उत्तर देणे कोणावर तरी बंधनकारक आहे असे विधान. तलावाचे काम का थांबले, रोजगार हमीची मजुरी का थकली, कालव्याचे पाणी शेवटच्या गावापर्यंत का पोहोचत नाही. दुष्काळाला कर्ता मिळाला, कर्त्याला खाते मिळाले, खात्याला तारीख मिळाली. योगायोग असा की ग. दि. माडगूळकरही १९६२ ते १९७४ या काळात विधान परिषदेचे सदस्य होते. एकाच माणदेशातून एकाच वर्षी एक कवी वरिष्ठ सभागृहात गेला आणि एक वकील कनिष्ठ सभागृहात. आपल्या साहित्येतिहासाने पहिल्याची नोंद केली. दुसऱ्याच्या मराठीची दखल घ्यावी असे आपल्याला वाटले नाही.

रोजगार हमी योजनेचा इतिहास या संदर्भात आठवतो. वि. स. पागे यांनी ती कल्पना मांडली, सांगली जिल्ह्यातील विसापूरला १९६५ च्या सुमारास तिचा प्रयोग झाला, १९७२च्या दुष्काळात तिला व्यापक रूप आले आणि १९७७ मध्ये कायदा झाला. पुढे २००५ साली देशपातळीवर जो रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्या मुळाशी महाराष्ट्राचा हा अनुभव होता. १९९० नंतर याच योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घालण्यात आली आणि सांगोल्यासारख्या तालुक्यात माळरानावर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. या घडामोडींचे श्रेय कोणा एका आमदाराला देणे चुकीचे ठरेल. ते अनेक पक्षांच्या, अनेक सभासदांच्या, अधिकाऱ्यांच्या आणि मोर्चे काढणाऱ्या मजुरांच्या एकत्रित रेट्याचे फळ आहे. माझा मुद्दा हाच आहे. कायदेमंडळातील काम स्वभावतःच सामुदायिक असते, त्यावर एकाची सही नसते, आणि म्हणूनच व्यक्तिपूजेच्या भाषेत ते मावत नाही.

गणपतराव फक्त सभागृहात बसले असते तर त्यांना हे साधले नसते, हेही सांगायला हवे. १९९०च्या दशकात क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव यांच्या पुढाकाराने कृष्णा खोऱ्यातील दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा आटपाडीत भरू लागल्या. समन्यायी पाणीवाटपाची मागणी तिथे घडत गेली. कृष्णेचे पाणी उपसा योजनांनी आटपाडी-सांगोल्याच्या चढावर आणायचे, ही त्या काळी अशक्यप्राय वाटणारी गोष्ट होती. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचे पाणी या पट्ट्याच्या काही भागांत पोहोचायला पुढे कित्येक वर्षे लागली. परिषदेतली घोषणा अधिवेशनात प्रश्न होऊन येई आणि मंत्र्याचे आश्वासन पुढच्या परिषदेत जाब विचारण्यासाठी परत नेले जाई. रस्ता आणि सभागृह यांच्यातील ही ये-जा हे शेतकरी कामगार पक्षाच्या चांगल्या काळाचे वैशिष्ट्य होते. सांगोल्यात उभ्या राहिलेल्या सहकारी सूतगिरणीविषयीही असेच म्हणता येईल. कापसासाठी मुळीच प्रसिद्ध नसलेल्या तालुक्यात सूतगिरणी काढायची आणि सहकारातील इतक्या संस्था बुडत असताना ती चालवून दाखवायची, यात साधेपणापेक्षा हिशेबीपणा अधिक लागतो. हिशेबीपणा हा शब्द मी गौरवाने वापरतो आहे.

इथवर लिहिल्यावर दुसरी बाजू न मांडणे म्हणजे पुन्हा गौरवग्रंथच लिहिणे होईल.

पहिला आक्षेप पक्षासंबंधी. १९४७ साली केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदींनी स्थापन केलेला शेतकरी कामगार पक्ष १९६२ मध्ये महाराष्ट्रातील एक प्रमुख विरोधी पक्ष होता. जेधे, मोरे स्वतः पुढे काँग्रेसमध्ये परतले. गणपतराव, एन. डी. पाटील यांच्यासारखे मोजके लोक टिकून राहिले. पक्ष न सोडणे हा गुण खरा, परंतु ज्या पक्षात पन्नास वर्षे राहिलो तो आपल्या डोळ्यांदेखत आकसत का गेला, हा प्रश्न निष्ठेने सुटत नाही. गणपतरावांच्या विजयांनी पक्षाचे अपयश झाकले गेले असावे, असे मला वाटते. सांगोला टिकून आहे म्हणजे पक्ष टिकून आहे, असा समज करून घेणे सोपे होते.

दुसरा आक्षेप वारशाचा. त्यांच्यानंतर २०१९ साली त्यांचे नातू निवडणुकीला उभे राहिले आणि थोड्या मतांनी हरले. २०२४ साली दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, निवडून आले. त्या विधानसभेत निवडून आलेले शेतकरी कामगार पक्षाचे ते एकटेच आमदार होते. नातवाने निवडणूक लढवण्यात गैर काही नाही, लोकांनी निवडून दिले आहे. परंतु वर्गीय विचारसरणीच्या, कार्यकर्त्यांच्या म्हणवणाऱ्या पक्षाला अर्धशतकानंतर उमेदवार घरातूनच शोधावा लागतो, याची नोंद तरी व्हायला हवी. सभासदत्वाची विद्या एका घराबाहेर पोहोचली का, असा हा प्रश्न आहे. पोहोचली नसेल तर त्यात त्या माणसाची मर्यादा किती आणि त्याला संत ठरवून त्याच्याकडून काहीच न शिकणाऱ्या समाजाची किती, हे मला ठरवता येत नाही.

तिसरा आक्षेप तालुक्यातून येतो. पन्नास वर्षे एकच आमदार, तरी पाण्यासाठी इतकी वाट का पाहावी लागली? सत्ताधारी पक्षात असते तर पाणी लवकर आले असते, असे म्हणणारे लोक तिथे आहेत आणि त्यांना दोष देता येणार नाही. तहानलेल्या माणसाला भूमिकेची किंमत सांगणे सोपे नसते. १९९५ चा १९२ मतांचा पराभव झाला त्यामागेही ही अधीरता काही अंशी असावी. मात्र याच मतदारांनी चार वर्षांनी त्यांना परत पाठवले, हेही विसरता येत नाही. त्यांच्या विजयांचा उलगडा केवळ जातीच्या गणिताने करणारे विश्लेषक आणि केवळ साधेपणाने करणारे स्तुतिपाठक, दोघेही या मतदाराच्या विवेकाला कमी लेखतात.

सांगोल्याचे नाव अलीकडे महाराष्ट्राच्या तोंडी झाले ते मात्र वेगळ्याच कारणाने. जून २०२२ मध्ये राज्यातील सत्तांतराच्या काळात गुवाहाटीच्या हॉटेलातून तेव्हाचे सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी एका कार्यकर्त्याशी दूरध्वनीवर केलेले बोलणे सर्वत्र पसरले. 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' हे शब्द ऐकले नाहीत असा मराठी माणूस त्या आठवड्यात सापडला नसता. मी त्या बोलीची थट्टा करणार नाही. उलट शहरी माणसे ज्या सुरात तिला हसली तो सूर मला खटकला. माणदेशी बोलीचा ठसका त्या वाक्यात पुरेपूर आहे, आणि दुष्काळी मुलखातल्या माणसाने हिरवे डोंगर पाहून हरखून जाणे ही हसण्याची गोष्ट नाही. मला टोचते ते आपल्या स्मरणशक्तीचे गणित. गणपतरावांच्या निधनाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. त्याच मतदारसंघातून सुमारे पन्नास वर्षे सभागृहात बोललेल्या माणसाचे एकही वाक्य आपल्याला पाठ नाही. दूरध्वनीवरचे एक वाक्य मात्र लहान मुलांनाही पाठ आहे.

याला कोणी म्हणेल की गणपतराव वक्ते नव्हते, लक्षात राहावे असे वाक्य त्यांनी बोललेच नसेल. तेही शक्य आहे. आचार्य अत्रे यांची विधानसभेतील भाषणे लोकांना आठवतात, कारण त्यांत विनोद होता, प्रहार होता. पाझर तलावाविषयीच्या उपप्रश्नात असे काही नसते. पण मग प्रश्न आपल्याकडेच येतो. लक्षात राहणारे वाक्य म्हणजेच चांगले गद्य, ही आपली समजूत आपण वर्गात पक्की करत असतो. महात्मा फुले यांचे १८८२ साली हंटर आयोगासमोर सादर केलेले निवेदन आपण आज महत्त्वाचे मानतो. त्यातही तपशील आहेत, मागण्या आहेत, शाळांची आणि खर्चाची चर्चा आहे. सरकारला उद्देशून, लोकांच्या वतीने, पुराव्यानिशी बोलणे ही फार मोठी परंपरा आहे. विधिमंडळाचे कार्यवृत्त ही तिचीच पुढची शाखा. मंत्री टाळाटाळीचे उत्तर देतो ती भाषा, सभासद तीच भाषा पकडून त्याला कोपऱ्यात गाठतो ती भाषा, अध्यक्ष दोघांना आवरतात ती भाषा. संवादाचे इतके जिवंत नमुने दप्तरात पडून असताना आपण विद्यार्थ्यांना संवादलेखन शिकवण्यासाठी ग्राहक आणि दुकानदार यांचे काल्पनिक बोलणे लिहायला लावतो.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. प्रादेशिक साहित्याच्या अभ्यासपत्रिकेत 'बनगरवाडी' शिकवली जाते तिथे, तिच्या शेजारी, दुष्काळावरील विधानसभेच्या एखाद्या चर्चेची पाचसात पाने ठेवावीत. एकच प्रदेश, एकच आपत्ती, दोन गद्ये. एक आपल्याला दुःखाशी समरस करते, दुसरे त्या दुःखाचा जाब विचारते. विद्यार्थ्याने दोन्ही वाचावे. गणपतरावांचेच बोलणे निवडावे असा आग्रह नाही. मृणाल गोरे, उद्धवराव पाटील, एन. डी. पाटील, कोणीही चालेल. आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत. हे साहित्य आहे का, असा पहिला आक्षेप असेल. दुसरा असेल तो राजकारण वर्गात नको असा. पहिल्याचे उत्तर चर्चेतून काढता येईल. दुसऱ्याविषयी एवढेच म्हणतो की संतचरित्राच्या वेषात ते वर्गात केव्हाच आलेले आहे.

या वर्षी त्या कात्रणांच्या अभ्यासात मी एक बदल केला. विशेषणे आणि क्रियापदे अधोरेखित करून झाल्यावर विद्यार्थ्यांना सांगितले की हाच मृत्युलेख एकही विशेषण न वापरता पुन्हा लिहा. बहुतेकांची लेखणी चारपाच ओळींनंतर अडली. निवडणुकांची साले संपली की पुढे लिहायला काही उरेना. ज्याचा उल्लेख वर केला तो विद्यार्थी अखेरपर्यंत लिहीत राहिला. त्याने आजोबांना फोन करून विचारून घेतले होते. गावच्या तलावाचे काम कोणत्या साली सुरू झाले, किती वेळा थांबले, कोणत्या अधिवेशनानंतर पुन्हा सुरू झाले, सांडवा कधी फुटला आणि दुरुस्तीसाठी कोण कोणाला भेटले, एवढाच त्यात मजकूर होता. त्याच्या आजोबांनी गणपतरावांना सगळ्याच निवडणुकांत मत दिले नव्हते. काम घेऊन मात्र ते दर वेळी त्यांच्याकडेच गेले होते.

त्या लेखात 'साधे' हा शब्द कुठेही नव्हता. मी त्याला चांगले गुण दिले, आणि ते कात्रण म्हणून पुढच्या वर्षीच्या वाटपात ठेवले आहे.